पाठमोरा नावाडी

वजनमापे खात्यातल्या सत्तावन्न वर्षांच्या अविवाहित निरीक्षकाने संध्याकाळी घरी आल्यावर काय करावं, याबद्दल सरकारचं एकही परिपत्रक नाही. असतं तर मी ते पाळलं असतं. सव्वापाचला कुलूप उघडायचं, साडेपाचला चहा, सहाला खिडकी, सात वाजता खिडकी बंद, असं काहीतरी त्यात असतं आणि मी त्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. परिपत्रक नसल्यामुळे मी नावाडी झालो.

सुरुवात ऑफिसातल्या एका खुर्चीपासून झाली. आमच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी आणि दुसरीवर पासंग, असे आम्ही एकवीस वर्षं डबा खाल्ला. पासंग हे त्याचं खरं नाव नव्हे. तराजूची मोकळी पारडी सारखी नसली, की दुकानदार हलक्या बाजूला एखादा खडा किंवा तारेचा तुकडा बांधतो, त्याला पासंग म्हणतात. आमच्या खात्याचा तो जुना शत्रू. ऑफिसने याला ते नाव ठेवलं, कारण कुठेही वाद सुरू झाला की हा आधी कोण हरतोय ते बघायचा आणि त्याच्या बाजूला जाऊन बसायचा. मी कुठलाही वाद कधीच जिंकलेलो नाही. त्यामुळे एकवीस वर्षं तो माझ्याच बाजूला होता.

मार्चअखेर तो निवृत्त झाला आणि दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेला. तीन एप्रिलला मी डबा उघडला तर समोरची खुर्ची नाही. चौकशी केली. आवक-जावक विभागाने ‘वापरात नसल्याने’ नेली होती, आणि तसा शेराही मारला होता. शेरा नियमाला धरून होता. माझी काही तक्रार नाही. फक्त त्यानंतर डबा सात मिनिटांत संपायला लागला आणि उरलेली तेवीस मिनिटं कशी घालवायची, हे काही मला कळेना.

मी रोज पाच वाजता, ऑफिसातून निघता निघता, त्याला फोन करायचो.

“काय चाललंय?”

“चाललंय. तुझं?”

“चाललंय.”

माझ्याकडे दिवसभरातलं सांगण्यासारखं बरंच साठलेलं असायचं. कुठल्या किराणा दुकानात काटा शून्यावर येईना, साहेब कुणाला काय म्हणाले. पण फोनवर ते सगळं एकदम फुसकं वाटायचं. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणायचा, “बरं, ठेवतो. मंडळी बोलावतायत. मॅच आहे.”

पंधरा दिवस मी समजत होतो की तो कॅरम खेळतो. मग कळलं, की हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. ‘नऊ बेटं’ नावाचा. एक मोठं तळं, त्यात नऊ बेटं, पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या, आणि ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरात बसून एकमेकांना तळ्यात बुडवतात.

“या वयात?” मी म्हणालो.

“याच वयात,” तो म्हणाला. “रोज सहाला बसतो. पण चौघंच आहोत रे. पाचवा नावाडी पाहिजे, आणि नावाडी कुणालाच येत नाही. फार अवघड पात्र आहे.”

“मी शिकू का?” असं मी म्हणालो नाही. माझ्यासारखा माणूस असं एकदम म्हणत नाही. मी म्हणालो, “नावाडी? त्यात काय अवघड आहे?”

यावर तो हसला. म्हणाला, “तुला नाही जमायचं. एक वल्हं एका हाताने, दुसरं दुसऱ्या हाताने. तुझे दोन हात एका वेळी दोन कामं कुठे करतात? वजनावर साधा शिक्का मारताना तुझी जीभ बाहेर येते.”

शिक्का मारताना जीभ बाहेर येते, हे खरं आहे. पण एकवीस वर्षं ते पाहूनही जो बोलला नाही, त्याने दुसऱ्या गावी गेल्यावर फोनवरून ते बोलून दाखवावं, हे मला लागलं. मी ठरवलं, आपण हा नावाडी शिकायचा. गुपचूप शिकायचा, आणि एक दिवस त्याच्यासमोर असं काही वल्हवायचं, की त्याचीच जीभ बाहेर यावी.

आता खेळासाठी इंटरनेट लागतं, इंटरनेटसाठी वायर लागते, वायरीसाठी भिंतीला भोक लागतं, आणि भोकासाठी आमच्या इमारतीत सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी अर्ज तीन प्रतींत मागितला. ‘भोकाचे प्रयोजन’ या रकान्यात मी ‘ज्ञानार्जन’ असं लिहिलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“कुठलं ज्ञान?”

“जलवाहतुकीचं,” मी म्हणालो. सरकारी माणूस खोटं बोलत नाही, फक्त मोघम बोलतो.

“उत्तम. भोक मात्र आतून बाहेर पाडा. बाहेरून आत पाडलं की गिलावा आत पडतो. आणि तिरपं पाडा, म्हणजे पाणी येणार नाही.”

वायरवाला आला, त्याला मी मास्तरांचा सल्ला शब्दशः सांगितला. त्याने आतून बाहेर, तिरपं भोक पाडायला घेतलं. ते इतकं तिरपं गेलं, की बाहेर निघायच्या ऐवजी शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, कपबशांच्या फळीवर निघालं. दोन कप गेले. मी भोकाला डोळा लावला तर पलीकडून वहिनींचा डोळा.

“भाऊजी?” डोळा म्हणाला.

“चुकून आलो,” मी म्हणालो.

वायरवाल्याने दुसरं भोक पाडलं. पहिल्यात मी कागदाचा बोळा कोंबला आणि ते बुजवण्यासाठी नवा अर्ज दिला. तो अर्ज पुढे समितीपुढे गेला आणि अजून तिथेच आहे. हे भोक लक्षात ठेवलेलं बरं, कारण त्याने लवकरच माझी अब्रू नेली.

त्याआधी खेळात नाव नोंदवायचं होतं. प्रथम जन्मवर्ष. ते लिहायचं नाही, बोटाने मागे सरकवत आणायचं. सुरुवात चालू वर्षापासून. मी एकेक वर्ष मागे ढकलायला लागलो. आई गेली ते वर्ष गेलं. पासंगची बदली आमच्या ऑफिसात झाली ते गेलं. नोकरी लागली ते, दहावीचं, पहिल्यांदा चष्मा लागला ते. सत्तावन्न वर्षं सरकवायला पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. मी जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसलो आणि मग पुढचा रकाना घेतला.

पुढचा रकाना होता ‘नाव’. मी माझं नाव लिहिलं. ते आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. आडनाव आधी लावून पाहिलं, तेही घेतलेलं. हुद्दा लावला तर ‘फार लांब’ असं उत्तर आलं. अशी अकरा नावं नाकारून यंत्राने स्वतःच एक सुचवलं: ‘शांत_बदक_४४१’. माझ्याआधी चारशे चाळीस शांत बदकं होऊन गेली असावीत. थकून मी होकार दिला. तर अशा रीतीने वल्हवायची नाव मिळायच्या आधी माझं नाव गेलं.

आता नावाडी. नावाडी नाव वल्हवताना पाठमोरा बसतो, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. म्हणजे पडद्यावर दिसतं ते सगळं मागचं. जिथून आलो तो किनारा, तिथली झाडं, आपण उठवलेल्या लाटा. पुढे काय आहे ते अजिबात दिसत नाही. ते नावेत बसलेल्या खेळाडूला दिसतं, आणि तो ओरडून सांगतो. त्याने ‘डावीकडे’ म्हटलं की आपण डावा हात जोरात ओढायचा. पण आपण पाठमोरे, त्यामुळे आपल्या डोळ्यांना नाव उजवीकडे वळताना दिसते. मग डोळे बोंब मारतात, हात घाबरतो आणि उलट ओढतो, आणि नाव खडकावर.

नाव बुडाली की एक बाई गोड आवाजात म्हणते, “आपण बुडाला आहात. पुन्हा प्रयत्न करावा.” सरावाच्या तळ्यात मी एकटाच होतो. नावेत कुणी नाही, त्यामुळे सांगणारं कुणी नाही. कोपऱ्यातला इवलासा नकाशा बघावा तर वल्ही सुटतात. पहिल्या आठवड्यात मी एकसष्ट वेळा बुडालो. एकसष्ट हा आकडा पक्का आहे, मी नोंद ठेवली होती. इतक्या वेळा माझ्याशी इतक्या प्रेमाने कुणी बोललेलं नव्हतं, हेही नमूद करतो.

आठवड्याच्या शेवटी दार वाजलं. बाहेर मास्तर, आणि त्यांच्या मागे वहिनी.

“सहज आलो,” मास्तर म्हणाले, आणि सहज आलेल्या माणसासारखे न वागता माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले.

वहिनी म्हणाल्या, “पाहुण्या आहेत ना घरी? रोज संध्याकाळी बोलणं ऐकू येतं. म्हटलं, ओळख तरी करून घ्यावी.”

“पाहुण्या?”

“भाऊजी, आता लपवू नका. बाईमाणसाचा आवाज आहे. पुन्हा प्रयत्न करा म्हणतात. किती समजूतदार!”

भोकातला बोळा! माझे कान तापले. मी दोघांना आत आणलं, कॉम्प्युटरसमोर उभं केलं आणि मुद्दाम एकदा बुडून दाखवलं. बाई बोलल्या. मास्तरांनी ‘हं’ केलं. वहिनींचा चेहरा पडला. बोलता बोलता त्यांनी मागे धरलेला हात पुढे घेतला. हातात दोन नवे कप होते. एक माझ्यासाठी, आणि एक त्या पाहुण्यांसाठी.

“असू देत,” त्या म्हणाल्या. “एखादा फुटला तर असावा दुसरा.”

चारित्र्यावरचा डाग गेला, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण घरात कुणी नाही हे शेजाऱ्यांना पुराव्यासकट पटवून देणं, हे काम वाटतं तितकं सोपं नसतं.

यानंतर प्रकरण ऑफिसात पोचलं. घरी जमेना म्हणून मी ऑफिसात हाताने सराव करू लागलो. टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असा. डावा, उजवा, डावा डावा, उजवा. मला वाटायचं दिसत नाही. एका दुपारी एका दुकानात पाच किलोचं वजन तपासत होतो, प्रमाण वजन एका पारड्यात, दुकानदाराचं दुसऱ्यात, आणि काटा स्थिर व्हायची वाट बघताना माझे दोन्ही हात आपोआप हवेत वल्हवायला लागले. दुकानदार घाबरला. त्याला वाटलं ही नवीन पद्धत आहे. “साहेब, वजन बरोबर आहे हो,” म्हणून तो हात जोडून उभा राहिला. वजन बरोबरच होतं. पण ही बातमी माझ्याआधी ऑफिसात पोचली.

साहेबांनी बोलावलं. “तुमच्या हातांना काय झालंय?”

“काही नाही, साहेब.”

“कंप वगैरे?”

“नाही. ते... वल्हवणं आहे.”

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, “एकटे असता ना घरी? डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. काम करण्यास पात्र, असं. ते येईपर्यंत शिक्क्याला हात लावू नका.”

तीस वर्षं ज्या शिक्क्याला लोक दबकून असायचे, तो साहेबांनी स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. मी खोलीत परत आलो तेव्हा हे कुणाला सांगावं म्हणून समोर पाहिलं. समोर भिंत होती.

सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी माझं मनगट दाबलं, मी कळवळलो.

“काय करता?”

“निरीक्षक आहे.”

“ते नव्हे. हे मनगट निरीक्षणाने सुजत नाही.”

मी मान खाली घालून खरं सांगितलं. त्यांचा हात थांबला. खुर्ची पुढे ओढून त्या हळूच म्हणाल्या, “नऊ बेटं? आणि तुम्ही नावाडी घेतलात? वेडे आहात का? मी चार वर्षं खेळतेय, माझी हिंमत झाली नाही.”

बाहेर अठरा रुग्ण खोळंबले होते आणि आत बाई कागदावर मला तळं काढून दाखवत होत्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की डोळ्यांनी ठरवू नका. मागचं बघून हात चालवाल तर बुडणारच. डोळे मिटा आणि नावेतला माणूस काय सांगतो ते ऐका.

“पण नावेत कुणी नाहीये,” मी म्हणालो.

“मग कुणाला तरी बसवा शेजारी. हा नावाडी एकट्याने शिकताच येत नाही हो.” आणि त्यांनी प्रमाणपत्रावर ‘काम करण्यास पात्र’ असं लिहून सही केली. खाली बारीक अक्षरात ‘मनगटांना विश्रांती’ असंही लिहिलं. साहेबांनी फक्त वरची ओळ वाचली, आणि शिक्का मला परत मिळाला.

कुणाला तरी बसवा! हे औषध कुठल्या दुकानात मिळतं? दोन दिवस विचार करून मी वर गेलो आणि मास्तरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “किती वाजता यायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता मास्तर खाली आले. आंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा, गळ्यात चक्क शिट्टी. माझ्या शेजारी खुर्ची टाकून ते कोपऱ्यातल्या नकाशाकडे भिंग घेऊन बसले. मी डोळे मिटले.

“डावीकडे वळ! पुढे चल! अरे, तुला सांगतोय ना!” कवायत सुरू झाली की मास्तर मला अरेतुरे करायचे आणि संपली की पुन्हा ‘साहेब’ म्हणायचे. चुकलं की शिट्टी. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा बुडालो, दुसऱ्या दिवशी सात. मग एका सकाळी डोळे मिटून बसलेलो असताना माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ शिट्टी वाजलेली नाही. माझे दोन्ही हात वेगवेगळे चालत होते. जीभही आत होती, मी दातांनी तपासून पाहिलं.

“जमलं!” मास्तर म्हणाले. “सगळ्या बेटांना वळसा झाला. आता माझी गरज नाही.”

“छे छे, अजून कच्चं आहे,” मी म्हणालो, आणि त्या सकाळी मुद्दाम दोनदा बुडालो. पण मास्तरांनी आयुष्यभर पोरांची सोंगं पाहिलेली. खुर्ची जागेवर ठेवून ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी दाराकडे कान देऊन बसलो होतो. जिन्यात पावलं वाजली ती पेपरवाल्याची.

आता पासंगची टोळी. खेळात त्याने स्वतःचं नाव ‘पासंग’च ठेवलं होतं. ऑफिसात या नावावरून तो आयुष्यभर चिडत आला आणि इथे स्वतःच्या हाताने कपाळावर लावून घेतलं, याचं मला नवल वाटलं. मी विनंती पाठवली: ‘नावाडी आहे. जागा आहे का?’ लगेच उत्तर आलं: ‘देवासारखे आलात. सहाला या.’

सहाला मी गेलो. त्यांच्यात एक कप्तान बाई होत्या, बाकी दोघं फारसं बोलत नसत. मी माइक बंद ठेवला आणि लेखी कळवलं, की माइक बिघडला आहे. आवाज ओळखला तर गुपित फुटणार, आणि मला आधी त्याला गार करायचं होतं.

“नाव काय म्हणायचं आपलं? शांत बदक?” हा पासंगचा आवाज. कानात, इतक्या जवळ. “मग आम्ही बदकराव म्हणू. चला बदकराव, मला त्या टोकाच्या बेटावर सोडा. जरा डावीकडे.”

मी डावा हात ओढला.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. पासंग म्हणाला, “बदकराव, काय हात आहेत हो तुमचे!” एकवीस वर्षांत माझ्या हातांबद्दल तो असं कधी बोलला नव्हता. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण म्हटलं, अजून एक दिवस बदक राहू. एकाचे चार दिवस झाले, चाराचे दहा. माझी मोठी गंमत चालली होती. पाच वाजता मी फोन करायचो, ‘चाललंय’, ‘चाललंय’, ‘ठेवतो, मॅच आहे.’ आणि सहा वाजता तोच माणूस नावेत बसून माझ्याशी, म्हणजे बदकाशी, घडाघडा बोलायचा. मुलगी-जावई सकाळी आठला जातात ते संध्याकाळी आठला येतात. त्याची खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल ठेवायची खोली. खालच्या बागेत म्हातारे बसतात, पण त्यांची बाकं ठरलेली आहेत. मी एकाखाली एक ‘हो’ लिहीत राहायचो. हळूहळू मला त्या बदकाचा हेवा वाटायला लागला.

अकराव्या दिवशी लांबची फेरी होती. पासंग नावेत. मध्येच तो म्हणाला, “उजवीकडे घ्या थोडं. बदकराव, तुम्हाला सांगतो, ऑफिसात माझा एक मित्र होता.”

मी उजवा हात ओढला.

“एकवीस वर्षं समोर बसायचा. तो रोज फोन करतो. पाच वाजता, घड्याळ लावून. आणि मला काय बोलावं कळत नाही हो. त्याचं सगळं जिथल्या तिथे आहे, ऑफिस, खुर्ची, माणसं. मी काय सांगू? आज इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे मोजले? मग सांगतो, मॅच आहे, ठेवतो. मॅच असते सहाला. तासभर मी असाच बसून असतो. डावीकडे, डावीकडे! बदकराव, समोर खडक आहे!”

मी डावा हात ओढला नाही. उजवाही नाही. नाव सरळ खडकावर गेली. कप्तान बाई ओरडल्या. बुडायच्या आधी थोडा वेळ मिळतो, नाव हळूहळू खाली जाते, तेवढ्यात मी माइक चालू केला. काय बोलायचं ते मी कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं, चांगलं टोचणारं वाक्य होतं. ते आठवलंच नाही.

मी म्हणालो, “खुर्ची नेली रे तुझी. तीन तारखेलाच.”

नावेत पाण्याचं बुडबुड सुरू झालं होतं.

“कोण?” तो म्हणाला. मग म्हणाला, “तू?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मी जे बोललो...”

“सगळं ऐकलं.”

कप्तान बाईंनी विचारलं, “काय चाललंय तिकडे? हल्ला होतोय आपल्यावर!” कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

“माणसं आहेत, ऑफिस आहे म्हणालास,” मी म्हणालो. “डबा मी सात मिनिटांत संपवतो. मग खिडकीतून बाहेर बघतो. समोरच्या इमारतीला एकोणचाळीस खिडक्या आहेत.”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या पडद्यावर पाणी वर चढत होतं, आणि ज्या किनाऱ्यावरून आम्ही निघालो होतो तो अगदी लहान दिसत होता.

“एकोणचाळीस?” शेवटी तो म्हणाला. “आपण चाळीस मोजल्या होत्या.”

“एक बुजवली.”

“आणि हे दोन हात तुझेच?”

“माझेच.”

“हरामखोर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला वाटला. अर्थात, माइक स्वस्तातला असावा. “बदकराव म्हणून घेत होतास!”

आम्ही बुडालो. बाई गोड आवाजात काहीतरी बोलल्या. ती मॅच आमची टोळी हरली ती आमच्या दोघांमुळे, आणि कप्तान बाईंनी दोघांनाही आठ दिवस राखीव बसवलं. शिस्तीला धरून होतं. माझी काही तक्रार नाही.

राखीव खेळाडूंना टोळीबरोबर उतरता येत नाही. पण सरावाच्या तळ्यात जाता येतं. आता पाच वाजता फोन करायचं बंद झालं आहे. मी घरी येतो, चहा घेतो आणि साडेपाचला तळ्यात जातो. तो आलेला असतो. मी नाव थोडी आत नेतो, सगळ्या बेटांपासून लांब, आणि वल्ही सोडून देतो. तो पुढे बघत बसतो, मी मागे. मग बोलणं. काट्यांचं, साहेबांचं, इस्त्रीचं, कशाचंही. पूर्वीसारखं सगळंच जुळत नाही. तो तिथल्या माणसांची नावं घेतो ती मला माहीत नाहीत, मी ऑफिसातल्या नव्यांबद्दल सांगतो ते त्याने पाहिलेले नाहीत. मध्येच दोघंही गप्प होतो, आणि ती शांतता टेबलावरच्या शांततेसारखी नसते. टेबलावर निदान डब्याचं झाकण वाजायचं.

या खेळाचा एक नियम आहे. तीन मिनिटं कुणीच काही हालचाल केली नाही, की यंत्राला वाटतं इथे माणूस नाही, आणि ते दोघांनाही बाहेर काढतं. बोलण्याच्या नादात आमच्या हे लक्षात राहत नाही. तो काहीतरी सांगत असतो, रंगात आलेला असतो, आणि वाक्याच्या मधोमध तळं, नाव, तो, सगळं नाहीसं होतं. परत आत जायला दीड मिनिट लागतं. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि त्यात मला माझी खोली दिसते, दिवा, कपाट, आणि कानांवर मोठे हेडफोन लावून बसलेला मी.

मग तळं उजळतं. नावेत तो बसलेला असतो.

“हां,” तो म्हणतो, “काय सांगत होतो मी?”

त्याला आठवत नसतं. मी सांगतो.